वाट कोणाची आणि किती?

प्रश्न : पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी आमचे घर आहे. माझे सासरे आणि त्यांचे एसटीतील एक सहकारी यांनी 1986 साली मिळून नऊ गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट घेतला आणि दोन वर्षांनी नोंदणीकृत वाटपपत्र करून रस्त्यालगतचा पुढचा भाग त्यांना, मागचा आम्हाला, असा वाटून घेतला. मागे जाण्यासाठी पुढच्या प्लॉटच्या उत्तर कडेने दहा फूट रुंद आणि साधारण पंचावन्न फूट लांब पट्टी मोकळी सोडली. तेव्हापासून आमचे जाणे-येणे तिथूनच आहे. शेजारचे काका तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा मुलगा पुण्यातील नोकरी सोडून गावी आला आणि गेल्या मार्चमध्ये त्याने वाटेच्या तोंडाशी सरकते लोखंडी गेट बसवले. रात्री दहानंतर गेटला कुलूप असते, किल्ली आम्हाला दिलेली नाही आणि दिवसा त्याची गाडी वाटेतच उभी असते. विचारले तर म्हणतो, "बाबांनी मैत्रीखातर जाऊ दिलं. चालत जा, दुचाकी न्या, पण चारचाकी न्यायचा तुमचा हक्क नाही. मागे ओढ्याकडून वाट आहेच की." ती वाट म्हणजे तीन फुटांची पायवाट, पावसाळ्यात नुसता चिखल. माझा मुलगा कुलूप तोडायला निघाला आहे. यजमान म्हणतात, जाऊ दे, निवळेल. पुढच्या वर्षी जुने घर पाडून खाली पार्किंग आणि वर तीन मजले बांधायचा आमचा विचार आहे. जवळजवळ चाळीस वर्षे आम्ही ही वाट वापरतो, म्हणजे ती कायद्याने आमचीच झाली ना? दावा लावावा का? काकींनी माझी दोन्ही बाळंतपणे निभावली आहेत, त्यांच्याशी वैर नको आहे.

उत्तर :

ताई, वाट तुमची झाली का, असे तुम्ही विचारले आहे. शेजाऱ्यांचा मुलगा मात्र निराळेच बोलतो आहे. चालत जा, दुचाकी न्या, असे तो म्हणतो, म्हणजे जाण्यायेण्याला त्याने साफ नकार दिलेला नाही. कशाने जायचे, केव्हा जायचे आणि किती जणांनी जायचे, यावर त्याचा वाद आहे. तुम्ही पहिल्या प्रश्नाचे उत्तर घेऊन भांडायला उभ्या राहाल आणि तो दुसऱ्या प्रश्नावर भांडत राहील, तर तुमचे म्हणणे खरे ठरूनही गाडी गेटबाहेरच राहील. म्हणून हे दोन्ही प्रश्न वेगळे करून पाहू.

आधी ते 'आमचीच झाली' तपासून घेऊ. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क मिळाला म्हणून ती जमीन आपली होत नाही. जमीन त्यांची राहते, तिच्यावर तुमच्या घराच्या सोयीपुरता भार बसतो, आणि हा भार माणसावर नसून जागेवर असल्यामुळे मालक बदलला, वारस आले किंवा प्लॉट विकला गेला तरी तो टिकतो. याचा कायदा जुना आहे : भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882. त्याच्या कलम 15 प्रमाणे वीस वर्षे शांततेने, उघडपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून वाट वापरली असेल, तर वहिवाटीने तो हक्क पक्का होतो (जमीन सरकारी असेल तर तीस वर्षे लागतात). वर्षे तुमच्याकडे भरपूर आहेत. अडचण 'हक्क म्हणून' या अटीची आहे. मालकाच्या परवानगीने वीस काय, पन्नास वर्षे ये-जा केली तरी त्यातून हक्क निर्माण होत नाही, आणि परवानगी देणाऱ्याने जागा दुसऱ्याकडे हस्तांतरित केली की नव्या मालकावर त्या परवानगीचे बंधन राहत नाही. "बाबांनी मैत्रीखातर जाऊ दिलं" हे वाक्य तुम्हाला मनाला लागले असेल, पण ते निव्वळ टोचून बोलणे नाही. उद्या दावा उभा राहिला तर त्याच्या कैफियतीतील, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी उत्तरातील, पहिला मुद्दा हाच असेल.

तुमच्या पत्रातच या मुद्द्याला उत्तर आहे आणि तुम्ही त्याच्याकडे जवळजवळ दुर्लक्ष केले आहे. तुमच्या सासऱ्यांना ही वाट शेजारधर्माने मिळाली नाही. दोघांनी मिळून घेतलेल्या एका प्लॉटच्या वाटणीतून ती निघाली आहे. सामाईक मिळकतीची वाटणी होताना एका हिश्शाच्या उपभोगासाठी दुसऱ्या हिश्शावरून जाणे आवश्यकच असेल, तर तो हक्क कलम 13 प्रमाणे वाटणीबरोबरच येतो. त्यासाठी वीस वर्षे थांबावे लागत नाही. मात्र 'आवश्यक' या शब्दाचा अर्थ न्यायालये कडक घेतात. दुसरी कोणतीही वाट नसणे म्हणजे आवश्यकता. दुसरी वाट गैरसोयीची आहे, लांबची आहे, चिखलाची आहे, एवढ्याने ती सिद्ध होत नाही. ओढ्याकडच्या पायवाटेचा उल्लेख त्या मुलाने सहज केलेला नसावा. ती पायवाट 1988 साली होती का, ती कोणाच्या जमिनीतून जाते, आणि तिथून जाण्याचा तुम्हाला हक्क आहे की तीही कोणाच्या मर्जीवर चालू आहे, हे शोधून ठेवा. ती परक्याच्या जमिनीतून मर्जीवर चालू असेल, तर 'पर्यायी वाट आहे' या म्हणण्यात फारसा दम राहत नाही.

या सगळ्याहून भक्कम आधार म्हणजे लिहून दिलेला हक्क. वाटपपत्र नोंदणीकृत आहे असे तुम्ही कळवले आहे, पण त्यात वाटेबद्दल नेमके काय लिहिले आहे ते कळवलेले नाही. ते वाटपपत्र आज काढून शांतपणे वाचा. चतुःसीमेत 'पूर्वेस जाण्यायेण्याची वाट' एवढेच असेल तर तो चांगला पुरावा आहे, पण त्यातून हक्काची हद्द कळत नाही. मजकुरात कुठे 'मागील हिस्सेदारास गाडीवाटेचा कायम हक्क राहील' अशा अर्थाचे वाक्य निघाले, तर तुमचा निम्मा वाद तिथेच संपतो, कारण लिहून दिलेला हक्क गरजेवर अवलंबून नसतो. पुढे दुसरी वाट उपलब्ध झाली म्हणून असा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. ओढ्याकडची पायवाट मग असली काय आणि नसली काय. वाटपपत्राची तुमच्याकडची प्रत फाटली किंवा हरवली असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नकल मिळते. ती नकल नकाशासह मागा. जुन्या दस्तांचा नकाशा पुष्कळदा घरच्या प्रतीतून गळालेला असतो.

कागद हाती आला की वकिलाकडे जाण्याआधी एक साधा हिशेब करा. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. नऊ गुंठे म्हणजे 9801. वाटपपत्रात दोन हिश्शांची क्षेत्रे दिलेली असतील, त्यांची बेरीज करा. दोन्ही मिळून पूर्ण नऊ गुंठे भरत असतील, तर पट्टी पुढच्या हिश्शातच मोजली आहे, म्हणजे जमीन त्यांची आणि तुमचा फक्त जाण्याचा हक्क. बेरीज साडेआठ गुंठ्यांवर थांबत असेल, तर उरलेला अर्धा गुंठा गेला कुठे? अर्धा गुंठा म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांना किंचित कमी, आणि दहा फूट रुंद, पंचावन्न फूट लांब पट्टी भरते साडेपाचशे. असे निघाले तर पट्टी दोघांची सामाईक राहिली असण्याचा संभव मोठा आहे, आणि मग तुम्ही दुसऱ्याच्या जागेतून वाट मागत नसून स्वतःच्या सामाईक जागेला लावलेले कुलूप काढायला सांगत आहात.

हा फरक वकिली काथ्याकूट वाटेल, पण दावे याच फरकावर बुडतात. सर्वोच्च न्यायालयापुढे 2008 साली आलेल्या एका प्रकरणात वादींनी एका अरुंद पट्टीवर मालकी सांगितली होती. मालकी टिकली नाही. मग उच्च न्यायालयाने त्यांना निदान वाटेचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने तोही काढून घेतला, कारण दाव्यात तो मागितलेलाच नव्हता आणि समोरच्याला त्यावर उत्तर द्यायची संधीच मिळाली नव्हती. तेव्हा 'जागा आमची' म्हणायचे की 'वाट आमची' म्हणायचे, हे रागाच्या भरात नव्हे तर कागद पाहून ठरवा, आणि ठरेपर्यंत शेजाऱ्यांशी बोलतानाही यातले काही ठामपणे म्हणू नका.

मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) पाहून घ्या. गावाचे नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झाले असेल तर प्रत्येक प्लॉटची स्वतंत्र पत्रिका असते आणि तिच्यावर 'सुविधाधिकार' असा एक रकानाच छापलेला असतो. बहुतेकांच्या पत्रिकेवर तो कोरा असतो आणि लोक क्षेत्रफळ व नाव पाहून कागद घडी घालून ठेवतात. शेजाऱ्यांच्या पत्रिकेवरचा हा रकाना पाहा. त्यांच्या पत्रिकेची नक्कल तुम्हालाही काढता येते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेण्याचा सल्ला तुम्हाला चार जण देतील. मोजणीने हद्द कळते, वाटेचा हक्क कळत नाही, त्यामुळे हद्दीबद्दलच वाद नसेल तर तो खर्च सध्या करू नका.

आता दुसरा प्रश्न : किती? इथे मी तुमच्या बाजूने सगळे बोलू शकणार नाही. कायद्याचे कलम 28 सांगते की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क आपोआप येत नाही. पायवाटेचा हक्क म्हणजे गाडीवाटेचा हक्क नव्हे. गरजेतून आलेला हक्क गरज निर्माण झाली तेव्हा ती जेवढी होती तेवढाच असतो, आणि वहिवाटीतून आलेला हक्क प्रत्यक्ष जसा वापर झाला तेवढाच. त्यामुळे या वाटेवरून गेल्या चाळीस वर्षांत काय काय गेले, हे तुम्हाला आठवावे लागेल आणि दाखवावे लागेल. दहा फूट रुंदी हीच तुमच्या बाजूची मोठी साक्ष आहे. पायी जाणाऱ्यांसाठी कोणी दहा फूट सोडत नाही. त्याला जोड हवी. घराच्या बांधकामाला वाळू-विटांचे ट्रक कुठून आले? घरी चारचाकी केव्हापासून आहे? असल्यास तिच्या नोंदणीचे कागद आणि विम्यावरचा पत्ता शोधा. लग्नाचे अल्बम उघडा. मागे वाटेत उभी असलेली जीप किंवा अंगणातला वाजंत्र्यांचा टेम्पो अशा फोटोत हमखास सापडतो, आणि फोटोमागे स्टुडिओचा तारखेचा शिक्का असेल तर सोन्याहून पिवळे. साक्षीदार म्हणून नातेवाईकांपेक्षा रोज येणारी माणसे बरी : गॅसच्या टाक्या आणणारा, दूधवाला, समोरचा दुकानदार.

पण तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आले आहे आणि मला वाटते वादाचे मूळ तिथे आहे. जुने घर पाडून खाली पार्किंग आणि वर तीन मजले. हे मजले तुम्हाला राहायला आहेत, भाड्याने द्यायला आहेत की बिल्डरबरोबर करार करून फ्लॅट विकायला आहेत? हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझा अंदाज आहे की त्या मुलालाही ते नीट माहीत नाही. त्याने फक्त ऐकले आहे. एका कुटुंबाची एक गाडी आणि सहा कुटुंबांच्या सहा गाड्या, शिवाय पाण्याच्या टँकरपासून कुरिअरवाल्यांपर्यंत सगळ्यांची वर्दळ, यांत फार अंतर आहे. आपल्या जागेत बदल करून दुसऱ्याच्या जागेवरचा भार वाढवता येत नाही, हे त्याच कायद्यात आहे. गेट मार्चमध्ये बसले. तुमच्या घरी बांधकामाची बोलणी केव्हा सुरू झाली, ते आठवून पाहा. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास झाल्या असतील, तर तुम्ही ज्याला आडमुठेपणा समजता ती भीतीही असू शकते, आणि भीतीला नोटिशीने उत्तर दिले तर ती वाढते.

गेटबद्दलही थोडे थांबून विचार करा. जागेचा मालक आपल्या जागेचा उपयोग करू शकतो, फक्त तुमच्या वापराला त्याने बाधा आणता कामा नये. रात्री घरात काकी असतात आणि वाट उघडी आहे, म्हणून गेट लावणे हा स्वतःहून अन्याय नाही. गेटला कुलूप घालून किल्ली न देणे हा अडथळा आहे. वाटेत गाडी उभी करणे हाही अडथळा आहे. आणि हे मात्र तुमच्या मुलालाही ऐकवा : वाट ही जाण्यासाठी असते, थांबण्यासाठी नव्हे. सामान उतरवण्यापुरते थांबणे निराळे. पण तुमच्याकडच्या पाहुण्याची गाडी तिथे तासन्‌तास उभी राहत असेल, तर त्या बाबतीत तुमची बाजूही पडकी आहे.

कुलूप तोडण्याबद्दल एकाच शब्दात : नको. कायद्याच्या कलम 36 मध्ये सरळ लिहिले आहे की हक्काच्या वाटेतला गैर अडथळासुद्धा हक्कदाराने स्वतःच्या हाताने काढायचा नाही. बरोबर असूनही तुमचा मुलगा आरोपी होईल आणि पुढच्या प्रत्येक बोलणीत ते तुटलेले कुलूप मध्ये येईल. पोलीस ठाण्यात गेलात तर 'दिवाणी बाब आहे' हे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त, आणि त्यात दर वेळी टाळाटाळच असते असे नाही. वाट अडवण्याच्या गुन्ह्याच्या व्याख्येतच असा अपवाद आहे की खाजगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असे कोणी प्रामाणिकपणे मानून ती अडवत असेल तर तो गुन्हा ठरत नाही. हाणामारीची वेळ आली, आजारी माणसाला रात्री बाहेर काढता आले नाही, असे काही घडले तर तक्रार जरूर द्या आणि तिची पोच घ्या. वाटेच्या वापरावरून शांतताभंगाची भीती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 166 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनाही लक्ष घालता येते. पण कुलूप काढून घेण्याचा तो राजमार्ग नाही.

यजमानांच्या 'जाऊ दे'बद्दल मला आदर आहे. रोज ज्यांचे तोंड पाहायचे त्यांच्याशी तंडायचे नाही, ही समज थोडक्या लोकांना असते. मात्र या प्रकरणात 'जाऊ दे' किती काळ चालेल याला मर्यादा आहे. अडथळा कोणी केला हे कळल्यानंतर तो वर्षभर मुकाट्याने सोसला, तर वहिवाटीत खंड पडला असे धरले जाते. गेट मार्चमध्ये बसले आहे, म्हणजे पुढच्या मार्चच्या आत तुमची हरकत लेखी नोंदलेली आणि ती पोचल्याचा पुरावा तुमच्या हाती असला पाहिजे. बोलणी फिसकटली तर दावाही त्याच मुदतीच्या आत दाखल करण्याची तयारी ठेवा. शिवाय मनाई हुकूम मागताना 'इतके महिने गप्प का बसलात' हा प्रश्न न्यायाधीश विचारतातच. यजमानांना सांगा, तोंडाने हवे तितके गोड बोला. फक्त कागदावर गप्प राहू नका.

ते लेखी पत्र कसे असावे, यात माणसे नेमकी चुकतात. आपल्याकडे विनयाने लिहायची सवय आहे, म्हणून 'आपल्या वडिलांच्या कृपेने आम्ही आजवर ही वाट वापरत आलो, तरी आपणही कृपया परवानगी द्यावी' असे वाक्य सहज लिहिले जाते, आणि लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने हक्काची परवानगी करून दिलेली असते. व्हॉट्सॲपवरचा निरोपही यातून सुटत नाही. तुम्ही साधारण असे लिहा : "1988 च्या वाटपापासून आमचे कुटुंब सदर वाट हक्काने, उघडपणे आणि वाहनांसह वापरत आहे. मार्च महिन्यात बसवलेल्या गेटच्या कुलपामुळे आणि वाटेत उभ्या केलेल्या वाहनामुळे या वापरास अडथळा होत आहे. गेटची एक किल्ली आम्हाला द्यावी आणि वाट मोकळी ठेवावी. आमच्या हक्कांना बाधा न येता आम्ही एकत्र बसून बोलण्यास तयार आहोत." चार वाक्ये पुरे. वाहनांचा उल्लेख खरा असेल तरच करा. पत्र स्पीड पोस्टाने, पोचल्याच्या पुराव्यासह पाठवा, पण ते पाठवण्याच्या आदल्या दिवशी काकींकडे जाऊन ते वाचून दाखवा. पोस्टमनने हातात ठेवलेले पत्र आणि शेजारणीने समोर बसून वाचलेले पत्र, मजकूर एकच असला तरी परिणाम एक नसतो.

काकींकडे तुम्ही स्वतः जा, मुलाला नेऊ नका, आणि बोलणे वाटेत उभे राहून करू नका, कारण तिथे दोन मिनिटांत कोणाचा तरी मोबाईल चित्रण करू लागतो आणि शब्दाने शब्द वाढतो. आणखी एक कारण आहे. काका गेल्यानंतर त्या प्लॉटवर वारस म्हणून काकींचेही नाव लागले असण्याची शक्यता आहे, मुली असतील तर त्यांचेही, आणि तसे असेल तर एकट्या मुलाशी केलेली तडजोड पुरेशी ठरणार नाही. बोलताना बांधकामाचा विषय तुम्हीच काढा. नक्की किती कुटुंबे राहणार, किती गाड्या येणार, हे आकडे घेऊन जा. आकडे सांगता येत नसतील, कारण बिल्डरशीच अजून ठरलेले नाही, तर आधी घरात ते ठरवा. नगरपालिकेची बांधकाम परवानगी पोचरस्त्याच्या रुंदीवरही अवलंबून असते. दहा फुटांच्या वाटेवर तुमच्या मनातले तीन मजले मंजूर होतात का, हे वास्तुविशारदाला विचारायला हवे. कदाचित तिथेच तुमचा आराखडा दोन मजल्यांवर येईल आणि शेजाऱ्यांची निम्मी भीती आपोआप जाईल.

तडजोड झाली तर ती तोंडी ठेवू नका. पुढच्या पिढीत त्या घरी आणि तुमच्या घरी कोण असेल कोणास ठाऊक. मुद्रांक लावून, नकाशा जोडून, सर्व वारसांच्या सह्यांनी करारनामा करा आणि तो नोंदवा. त्यात वाटेची रुंदी जमिनीवर किती आणि वर किती, म्हणजे कोणाचा सज्जा वाटेवर किती येऊ शकतो, हे असावे. किती वाहने, कोणत्या प्रकारची, गेटच्या किल्ल्या कोणाकडे, वाटेत कोणीच गाडी लावायची नाही, दिव्याचे बिल आणि फरशीची दुरुस्ती कोणी करायची, हे सगळे लिहा. पाण्याची पाइपलाइन आणि सांडपाण्याची गटार वाटेखालून जात असेल तर तिचा उल्लेख वेगळा करा, कारण जाण्याच्या हक्कात नळ नेण्याचा हक्क येत नाही. बांधकाम चालू असताना ट्रक कोणत्या वेळेत येतील आणि वाट उखडली तर ती महिनाभरात तुम्ही दुरुस्त करून द्याल, हे तुम्हीच पुढे होऊन लिहून द्या. वाढीव गाड्यांच्या बदल्यात काही रक्कम देणे, किंवा पट्टीतला अर्धा हिस्सा रीतसर विकत घेणे, हेही मार्ग आहेत. हक्काच्या गोष्टीला पैसे का द्यायचे, असे मुलगा म्हणेल. हक्काच्या वाटेला देऊ नका. हक्कापलीकडच्या वाढीव वापराला दिले तर बिघडत नाही, आणि दाव्याच्या खर्चाशी ताडून पाहिले तर बहुधा स्वस्तच पडते. करारनामा नोंदल्यावर मिळकत पत्रिकेवर त्याची नोंद घेण्यासाठी अर्ज करायला विसरू नका.

बोलणी फिसकटली तर? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात, पण त्या म्हणीचा फायदा बहुतेकदा कुलूप लावणाऱ्यालाच मिळतो. थेट दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण दाखलपूर्व लोकअदालतीत नेता येते. तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील चालत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो, त्यामुळे मिळकतीवर तुमचे नाव असेल तर अर्ज तुमच्याच नावाने करता येतो का ते विचारा. तेही साधले नाही तर दिवाणी न्यायालयात हक्क जाहीर करून मागणारा आणि कायम मनाईचा दावा. अंतिम निकालाला किती वर्षे लागतील हे कोणी प्रामाणिक वकील सांगणार नाही, पण तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा पहिल्या काही महिन्यांतला आहे : तात्पुरता मनाई हुकूम. त्यासाठी प्रथमदर्शनी तुमची बाजू दिसली पाहिजे, गैरसोयीचा तोल तुमच्याकडे झुकला पाहिजे आणि नंतर पैशाने भरून न येणारे नुकसान दाखवता आले पाहिजे. वाटेची प्रत्यक्ष स्थिती नोंदवण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज सुरुवातीलाच द्यायला वकिलांना सांगा; त्यांनी काढलेला नकाशा पुढे शंभर तोंडी साक्षींहून उपयोगी पडतो.

शेतजमिनीच्या वाटेवरून असेच अडलेल्या वाचकांनी एक लक्षात घ्यावे की त्यांचा मार्ग वेगळा आहे. शेतात जाण्याची चालू वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुळात वाटच नसेल आणि बांधावरून हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज करता येतो. तहसीलदारांचा निर्णय पटला नाही तर वर्षाच्या आत दिवाणी दावा करण्याची मुभा त्याच कलमात आहे. आणि जे लोक मागचा प्लॉट विकत घ्यायला निघाले आहेत, त्यांनी विकणाऱ्याच्या 'वाटेचा काही प्रश्न नाही' या आश्वासनावर न जाता पुढच्या प्लॉटचा दस्त पाहूनच इसार द्यावा.

तुमच्याकडे परत येतो. या आठवड्यात वाटपपत्राची नकाशासह नकल आणि दोन्ही मिळकत पत्रिका मिळवा, पुढच्या आठवड्यात काकींकडे जाऊन या, आणि त्यानंतर पत्र टाका. वकिलांना कागद दाखवण्यासाठी भांडण पेटण्याची वाट पाहू नका; मी इथे जे लिहिले ते तुमचा दस्त न पाहता लिहिले आहे आणि त्यातल्या एका ओळीने सगळे चित्र बदलू शकते. मुलाला हातोडी ठेवून अल्बम चाळायला बसवा. आणि बिल्डर कितीही घाई करो, वाटेचा करारनामा नोंदला जाईपर्यंत किंवा मनाई हुकूम हाती येईपर्यंत जुन्या घराची एक वीटही काढू देऊ नका. घर पाडून तुम्ही भाड्याच्या खोलीत गेलात आणि सळईचा पहिला ट्रक गेटवर अडला, तर त्या दिवशी होणारी तडजोड तुमच्या अटींवर होणार नाही.